तुलनेसाठी ठेवलेला थेंब

बेडकाच्या लसिकेचा एक थेंब, आणि तोही उलटा टांगलेला. जिवंत चेतातंतू वाढताना माणसाने पहिल्यांदा पाहिला तो अशा थेंबात. साल १९०७, शहर अमेरिकेतले बाल्टिमोर, पाहणारे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रॉस हॅरिसन.

त्याआधी कित्येक वर्षे एका प्रश्नावरून शरीरशास्त्रज्ञांमध्ये भांडण चालू होते. मज्जारज्जूत बसलेली पेशी पायाच्या अंगठ्यापर्यंत आपला तंतू पोचवते कशी? काही म्हणत, वाटेवरच्या कितीतरी पेशी एकमेकींना चिकटून साखळी करतात आणि तिचाच तंतू होतो. काही म्हणत, पेशीपेशींमध्ये पूल आधीपासून असतातच, तंतू त्यांच्यावर उमटतो एवढेच. स्पेनचे सांतियागो रामोन ई काहाल मात्र ठाम होते : तंतू एकाच पेशीतून फुटतो आणि वेलीच्या शेंड्यासारखा पुढे सरकतो. १८९० मध्ये कोंबडीच्या गर्भाच्या रंगवलेल्या कापांत त्यांना तंतूच्या टोकाशी एक फुगीर शंकू दिसला होता. त्याला त्यांनी ‘वाढीचा शंकू’ असे नाव दिले. इटलीचे कामिल्लो गॉल्जी नेमके उलट मताचे. त्यांच्या लेखी सारी चेतासंस्था म्हणजे एक अखंड जाळे. १९०६चे नोबेल या दोघांना विभागून मिळाले, आणि गॉल्जींनी नोबेल व्याख्यानातच काहालांच्या मतावर हल्ला चढवला.

वाद मिटत नव्हता, कारण पुरावा सगळा मेलेल्या पेशींचा होता. छायाचित्रातला माणूस चालत होता की उभा होता, यावर कितीही भांडता येते. हॅरिसन यांनी भांडणात पडण्याऐवजी पेशीलाच बाहेर काढले. बेडकाच्या इवल्या गर्भातून, पुढे जिथे मज्जारज्जू व्हायचा तिथला तुकडा, तंतू फुटण्यापूर्वीच त्यांनी कापून घेतला. तो मोठ्या बेडकाच्या लसिकेच्या थेंबात ठेवला. लसिका रक्तासारखी गोठते, त्यामुळे तुकडा जागच्या जागी धरून राहिला. मग ती पातळ काच उलटी करून खोलगट काचपट्टीवर बसवली आणि कडा मेणाने बंद केल्या. खाली लोंबणारा थेंब, वरून सूक्ष्मदर्शक. थोड्या काळाने तुकड्यातून तंतू निघाले, आणि टोकाशी अमिबासारखी चुळबुळ करत पुढे सरकताना दिसले. थेंबात इतर पेशींची साखळी नव्हती, आधीचे पूलही नव्हते. तंतू पेशीतूनच फुटला होता.

तुलनेसाठी त्यांनी गर्भाच्या इतर भागांचे तुकडेही अशाच थेंबांत ठेवले होते. त्यांतून चेतातंतू निघाले नाहीत. प्रयोगात अशा तुलनेच्या नमुन्याचे काम एवढेच असते : त्यात काही घडायचे नसते. हॅरिसन यांच्या थेंबांनी ते काम चोख केले. पुढच्या अर्धशतकात मात्र याच विषयात तुलनेच्या थेंबाने दोनदा आपले काम सोडले, आणि दोन्ही वेळा तोच खरे बोलला. त्याचीच ही हकीकत.

तंतू वाढतो हे कळले. पण त्याला वाढवते कोण? हॅरिसन यांच्या एक गोष्ट लवकरच लक्षात आली. पेशीला सरकायला काहीतरी आधार लागतो. १९१४ मध्ये त्यांनी थेंबात कोळ्याच्या जाळ्याचे धागे ताणून ठेवले, तर गर्भातल्या पेशी त्या धाग्यांना धरून लांबल्या. नुसत्या पातळ द्रवात पाय टेकायला जागा नसते. पण आधार म्हणजे रस्ता. रस्त्याने चालायला लावणारे काय, हा प्रश्न उरलाच.

त्याचे उत्तर कोंबडीच्या अंड्यातून निघायचे होते. व्हिक्टर हॅम्बर्गर हे जर्मनीत हान्स श्पेमान यांच्या हाताखाली तयार झालेले गर्भशास्त्रज्ञ. १९३२ मध्ये ते शिष्यवृत्तीवर शिकागोला आले, आणि दुसऱ्याच वर्षी हिटलरच्या राजवटीने ज्यू म्हणून त्यांची फ्रायबुर्गची नोकरी काढून घेतली. ते अमेरिकेतच राहिले आणि १९३५ मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेले. त्याआधी १९३४ मध्ये त्यांनी एक निबंध लिहिला होता. अंड्याच्या कवचाला खिडकी पाडून त्यांनी गर्भाच्या पंखाचा कोंब काढून टाकला होता. पंख नसला, की त्या बाजूच्या मज्जारज्जूत आणि शेजारच्या पुंजक्यांत चेतापेशीही कमी राहतात, असे त्यांना दिसले. त्यांनी अंदाज बांधला : पंखाकडून काही निरोप जातो, आणि तो मिळाल्याशिवाय कोवळ्या पेशी चेतापेशी होतच नाहीत.

हा निबंध १९४० मध्ये इटलीत एका तरुण डॉक्टर बाईंच्या हाती पडला. रीता लेवी-मोंताल्चिनी, जन्म तोरिनोचा, १९०९चा. १९३६ मध्ये त्या तिथेच डॉक्टर झाल्या. गुरू जुसेप्पे लेवी, पेशी शरीराबाहेर वाढवण्यात मुरलेले. त्यांच्या हाताखालच्या तीन विद्यार्थ्यांना पुढे नोबेल मिळाले : साल्वादोर लुरिया, रेनातो दुल्बेक्को आणि रीता. पण १९३८ मध्ये मुसोलिनीने वंशकायदे आणले आणि ज्यूंना विद्यापीठाची दारे बंद झाली. रीता काही महिने ब्रसेल्सला जाऊन आल्या, आणि परत आल्यावर त्यांनी आपल्या झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा थाटली.

सूक्ष्मदर्शक होता, अंडी उबवायची पेटी होती. शिवणाच्या सुया घासून धारदार केल्या, त्यांची शस्त्रे झाली. घड्याळजीचा चिमटा आला, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची बारीक कात्री आली. प्राण्यांत सगळ्यांत सोयीचे कोंबडीचे अंडे. ते बाजारात मिळते आणि कोणाला संशय येत नाही. बेल्जियममधून जीव वाचवून आलेले जुसेप्पे लेवी याच खोलीत येऊन दाखल झाले, आता विद्यार्थिनीचे मदतनीस म्हणून. १९४२ मध्ये तोरिनोवर बॉम्ब पडू लागले, तेव्हा घर आणि प्रयोगशाळा दोन्ही खेड्यात हलली. सायकलवर फिरून त्या शेतकऱ्यांकडे अंडी मागत. लेकरांसाठी हवीत, अशी बतावणी करत. प्रयोग झाल्यावर उरलेल्या अंड्यांचे आम्लेट होई.

त्या खोलीत त्यांना जे दिसले ते हॅम्बर्गर यांच्या अंदाजाहून वेगळे होते. पंखाचा कोंब काढला तरी चेतापेशी तयार होत होत्या. त्या तंतू काढत होत्या, पंखाच्या दिशेने निघतही होत्या, आणि मग मरत होत्या. म्हणजे निरोप पेशी घडवण्याचा नव्हता. जिथे पोचायचे, तिथून जगण्यापुरते काहीतरी मिळायला हवे होते, ते मिळत नव्हते. ज्यूंचे लेखन इटालियन नियतकालिके छापत नव्हती, म्हणून हे निष्कर्ष बेल्जियममधल्या एका नियतकालिकात आले. १९४३ मध्ये जर्मन फौजा इटलीत उतरल्या आणि रीता कुटुंबासह खोट्या नावाने फ्लॉरेन्समध्ये दडून राहिल्या.

युद्ध संपले. आपल्या निष्कर्षाला आव्हान देणारा निबंध हॅम्बर्गर यांनी वाचला आणि लेखिकेलाच सेंट लुईसला बोलावले. १९४७च्या शरद ऋतूत रीता एका सत्रापुरत्या म्हणून बोटीने निघाल्या आणि तिथे तीस वर्षे रमल्या. सगळे प्रयोग दोघांनी मिळून पुन्हा केले. पेशी आधी होतात आणि मग मरतात, हे तोरिनोचे म्हणणे बरोबर ठरले, आणि हॅम्बर्गर यांनी ते मोकळेपणाने मान्य केले.

१९४८ मध्ये हॅम्बर्गर यांचे जुने विद्यार्थी एल्मर ब्युकर यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. कोंबडीच्या गर्भात त्यांनी उंदराच्या सार्कोमाचा, म्हणजे कर्करोगाच्या गाठीचा, तुकडा बसवला, तर आसपासचे चेतातंतू त्या गाठीत घुसले. ब्युकर यांना वाटले, गाठ ही पसरायला सोयीची जागा आहे, म्हणून तंतू तिकडे जातात. रीता यांनी तो प्रयोग पुन्हा केला आणि त्या थक्क झाल्या. गाठीत तंतूंचे रान माजले होते, चेतापेशींचे पुंजके कितीतरी पटींनी फुगले होते, आणि तंतू गर्भाच्या आतड्यांत, यकृतात, एवढेच काय, रक्तवाहिन्यांच्या आतही शिरले होते. निरोगी गर्भात असे कधीच घडत नाही. मग त्यांनी गाठ गर्भाला न चिकटवता अंड्याच्या बाहेरच्या पटलावर ठेवली. मध्ये फक्त रक्ताचा संबंध राहिला. तरीही तेच झाले. गाठीतून काहीतरी पाझरत होते, आणि ते रक्तातून वाहत जाऊन चेतापेशींना भुलवत होते.

ते ‘काहीतरी’ पकडायचे, तर गर्भ फार गुंतागुंतीचा. हवा होता हॅरिसन यांचा थेंब. पण हॅम्बर्गर यांच्या विभागात तशी सोय नव्हती. ती होती ब्राझीलमध्ये. हेर्था मायर या नाझींमुळे जर्मनी सोडून तोरिनोला आलेल्या, तिथे जुसेप्पे लेवींकडे काम केलेल्या आणि पुढे रिओ दि जानेरोला स्थिरावलेल्या बाई. कार्लोस शागास फिल्यो यांच्या संस्थेत त्या पेशी वाढवायची प्रयोगशाळा चालवत. १९५२ मध्ये रीता विमानात बसल्या, तेव्हा त्यांच्या पर्समध्ये गाठी असलेले दोन उंदीर होते.

सुरुवातीला रिओत काहीच घडेना. मग एके दिवशी घडले. आठेक दिवसांच्या गर्भातला चेतापेशींचा पुंजका थेंबात ठेवला होता आणि त्याच्या शेजारी, पण त्याला न लागेल असा, गाठीचा तुकडा. चोवीस तासांत पुंजक्याभोवती तंतूंची दाट प्रभा पसरली, सूर्याभोवती किरण असावेत तशी. गाठीच्या बाजूला ती अधिक दाट होती. ज्या परिणामासाठी गर्भात आठवडे लागत, तो एका दिवसात काचेवर मोजता येऊ लागला. हॅम्बर्गर यांना पत्रे गेली, त्यांत शाईने काढलेली चित्रे.

याच वेळी तुलनेच्या थेंबाने पहिला घोटाळा केला. गाठीऐवजी उंदराच्या निरोगी ऊतीचा तुकडा ठेवला, तर पुंजका गप्प राहायला हवा होता. तो राहिला नाही. प्रभा विरळ होती, पण होती. रीता हिरमुसल्या. गाठीचे वैशिष्ट्यच बुडत होते. त्यांनी याला ‘उंदराचा परिणाम’ म्हटले, बाजूला ठेवले आणि गाठीच्याच मागे राहिल्या. हे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

जानेवारी १९५३ मध्ये सेंट लुईसला स्टॅन्ली कोहेन आले. ब्रुकलिनच्या शिंप्याचा मुलगा, लहानपणच्या पोलिओमुळे पायात लंगडेपण, तोंडात पाइप, अधूनमधून बासरी, आणि पायाशी ‘स्मॉग’ नावाचा गावठी कुत्रा. शिक्षणाने ते जीवरसायनशास्त्रज्ञ. त्यांना चेतासंस्थेतले काही ठाऊक नव्हते आणि रीता यांना रसायनशास्त्रातले. कोहेन गाठी वाटून त्यांचे अर्क करत, एकेक अंश वेगळा काढत. रीता तो थेंबात घालून दुसऱ्या दिवशी प्रभा पाहत. प्रभा आली तर अंश ठेवायचा, नाही आली तर टाकायचा. वर्षभरात अर्क बराच शुद्ध झाला. १९५४ मध्ये हॅम्बर्गर यांच्यासह तिघांनी निबंध लिहिला. अंशात प्रथिन होते आणि न्यूक्लिक आम्लही होते. काम करणारे त्यातले कोणते?

न्यूक्लिक आम्ल तोडून पाहायचे ठरले. ते तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, सापाच्या विषात भरपूर असते. ते वापरायची युक्ती शेजारच्या विभागातले आर्थर कोर्नबर्ग यांनी सुचवली. हिशेब साधा होता. विष घातल्यावर प्रभा गेली तर काम न्यूक्लिक आम्लाचे, राहिली तर प्रथिनाचे. थेंब तयार झाले : एकात नुसता अर्क, एकात अर्क आणि विष, आणि तुलनेसाठी एकात नुसते विष.

दुसऱ्या दिवशी पाहिले, तर अर्क आणि विष एकत्र असलेल्या थेंबात प्रभा गेली तर नव्हतीच, उलट दाटली होती. पण खरा धक्का तुलनेच्या थेंबात होता. नुसत्या विषात ठेवलेल्या पुंजक्याभोवतीही प्रभा होती, आणि अशी की गाठीच्या अर्काने कधी दिली नसेल. वजनाला वजन धरले तर गाठीपेक्षा विष हजारो पटींनी प्रभावी निघाले. जे प्रश्न सोडवायला हत्यार म्हणून आणले होते, तेच उत्तर ठरले. १९५६ मध्ये निबंध छापला गेला.

रिओत तुलनेचा थेंब बाजूला ठेवला गेला होता. या वेळी तसे झाले नाही. कोहेन यांनी विचार केला : सापाची विषग्रंथी म्हणजे बदललेली लाळग्रंथीच. मग उंदराच्या लाळग्रंथीत काय असेल? पाहिले, आणि घबाड मिळाले. उंदराच्या जबड्याखालच्या लाळग्रंथीत, त्यातही प्रौढ नराच्या, हे प्रथिन ठासून भरलेले होते. आता सापाचीही गरज नव्हती. त्याला नाव मिळाले नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एनजीएफ. रिओतला ‘उंदराचा परिणाम’ म्हणजे घोटाळा नव्हताच. हे प्रथिन गाठीचे खास नव्हे, निरोगी शरीरही ते बनवते, हेच तो थेंब सांगत होता.

उरला एक प्रश्न. काचेवर चालणारी ही किमया शरीरात खरोखर लागते का? कोहेन यांनी सशात एनजीएफविरुद्ध प्रतिपिंडे तयार करवली आणि १९५९ मध्ये ती उंदराच्या नवजात पिलांना टोचण्यात आली. पिले हुंदडत वाढली, पण अनुकंपी चेतासंस्थेचे पुंजके जवळजवळ नाहीसे झाले. ही चेतासंस्था हृदयाचे ठोके, घाम, रक्तवाहिन्या सांभाळते. एका प्रथिनाची वाट अडवली, आणि ही चेतासंस्था उगवण्याआधीच सुकली. तोरिनोच्या खोलीतल्या मरणाऱ्या पेशींना काय कमी पडत होते, हे वीस वर्षांनी कळले.

याच १९५९ साली कोहेन यांनी सेंट लुईस सोडले. विभागाला त्यांना कायम ठेवणे परवडले नाही. ते नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गेले आणि जाताना एक विचित्र निरीक्षण बरोबर घेऊन गेले. लाळग्रंथीचा कच्चा अर्क टोचलेल्या पिलांचे डोळे बारा-चौदा दिवसांऐवजी सातव्या दिवशीच उघडत होते. शुद्ध एनजीएफने असे होत नव्हते. म्हणजे अर्कात दुसरेही काही होते. त्यातून त्वचेच्या पेशी वाढवणारा एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर निघाला, ज्याने पुढे कर्करोगाच्या अभ्यासाला नवी दिशा दिली.

पुढची कहाणी भराभर सरकते. १९७१ मध्ये रूथ अँजेलेटी आणि राल्फ ब्रॅडशॉ यांनी एनजीएफच्या साखळीतली ११८ अमिनो आम्ले क्रमाने लावली. १९७६ मध्ये लॉइड ग्रीन आणि आर्थर टिश्लर यांनी उंदराच्या गाठीतून पीसी-१२ हा पेशीवंश काढला. या गोल गोल पेशींना एनजीएफ घातला की त्या वाढायच्या थांबतात आणि तंतू काढू लागतात. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत तंतू फुटणे अभ्यासायला त्या वापरतात. १९७७ मध्ये रॉबर्ट कॅम्पेनॉट यांनी बशीला तीन कप्पे पाडले. मधल्या कप्प्यात पेशी, बाजूच्या कप्प्यांत तंतूंची टोके. ज्या कप्प्यात एनजीएफ होता तिथेच तंतू शिरले, आणि तिथला तो काढून घेतल्यावर खंगले. म्हणजे हा खुराक नुसता पेशीला मिळून भागत नाही, तंतूच्या टोकालाही तो लागतो. टोकाशी एनजीएफ एका ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, चिकटतो, आणि निरोप तंतूतून मागे पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो. ती मुख्य ग्राही १९९१ मध्ये ओळखली गेली.

पण एनजीएफ सगळ्याच चेतापेशींचे औषध नव्हे. तो मुख्यतः अनुकंपी आणि वेदना जाणवणाऱ्या पेशींना पोसतो. इतरांसाठी त्याची भावंडे आहेत; त्यांतले पहिले १९८२ मध्ये डुकराच्या मेंदूतून इव्ह-अलें बार्द यांच्या चमूने शुद्ध केले. शिवाय मेंदूत आणि मज्जारज्जूत वाढ रोखणारे रेणूही असतात. म्हणूनच थेंबात सहज फुटणारा तंतू अपघातात तुटलेल्या मज्जारज्जूत फुटत नाही. काचेवरचे यश शरीरात तसेच्या तसे उतरत नाही.

१९८३चा अमेरिकेतला होर्विट्झ पुरस्कार तिघांना मिळाला : हॅम्बर्गर, रीता, कोहेन. १९८६चे नोबेल मात्र फक्त रीता आणि कोहेन यांना. हॅम्बर्गर यांचे नाव नव्हते, आणि त्यावरून शास्त्रज्ञांत बरीच कुजबुज झाली. काम रसायनशास्त्राकडे वळल्यावर ते स्वतःच मागे सरले होते, हे खरे. पण अंड्याला पहिली खिडकी त्यांनी पाडली होती, आणि आपली चूक दाखवणाऱ्या बाईला स्वतःच्या प्रयोगशाळेत बोलावण्याचा मोठेपणाही त्यांचाच. २००१ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले. रीता त्याच वर्षी इटलीच्या आजीव सिनेटर झाल्या आणि २०१२च्या ३० डिसेंबरला, १०३ वर्षांच्या होऊन रोममध्ये वारल्या.

२०१७ मध्ये युरोपात आणि २०१८ मध्ये अमेरिकेत एका डोळ्यांच्या औषधाला मान्यता मिळाली. बुबुळावरच्या पारदर्शक पटलाचे चेतातंतू निकामी झाले की तिथली जखम भरत नाही. त्या आजारावर हे औषध आहे. त्यात असतो जिवाणूंकडून बनवून घेतलेला मानवी एनजीएफ, आणि ते एका इटालियन कंपनीने तयार केले आहे.

विज्ञानाच्या पुस्तकांत या शोधाचे श्रेय अनेकदा नशिबाला दिले जाते, सापाचे विष हाती लागले म्हणून. ते पटत नाही. विष सेंट लुईसमध्ये इतरांकडेही होते. नुसत्या विषाचा एक थेंब वेगळा लावण्याचे आणि त्यात नको ते दिसल्यावर तो फेकून न देण्याचे काम दोघांनी केले. त्यांतल्या एकीने चार वर्षांपूर्वी रिओत असाच एक थेंब बाजूला सारला होता.